फॉर्ममधलं ‘नाही’

आजचा शास्त्रभाग: फिलेमोनास पत्र ८–२१, सोबत २ राजे ५:२०–२७



तीन दिवस इथे मनन टाकलं नाही. दोघा-तिघांनी मेसेज करून विचारलं, तब्येत बरी आहे ना. तब्येत ठणठणीत आहे. वाचनही रोज चालू होतं, पण जे वाचत होतो ते स्वतःलाच इतकं लागत होतं की लिहायला बसलो की हात थांबायचा. गोष्ट ऑफिसमधली आहे. ज्याची आहे त्याला विचारूनच लिहितोय, आणि तो ओळखू येईल असं काही इथे नाही.

महिन्यापूर्वी आमच्या टीमसाठी एका मुलाची निवड झाली. शेवटचा राऊंड मी घेतला होता. मी मुलाखतीत कोडी घालत नाही, मुद्दाम बिघडवलेला एक छोटा प्रोग्रॅम देतो आणि म्हणतो, दुरुस्त कर. यात दोन चुका मी पेरलेल्या असतात. त्याने त्या शोधल्याच, वर तिसरी एक दाखवली जी मलाही ठाऊक नव्हती. आणि एका प्रश्नाला सरळ म्हणाला, “सर, हे मी कधी केलेलं नाही, उगाच अंदाज मारत नाही.” मला त्या तिसऱ्या चुकीपेक्षा हे वाक्य जास्त आवडलं. ऑफर लेटर गेलं.

मग सुरू झालं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, आमच्याकडे नुसतं बीजीव्ही म्हणतात. आयटीबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. कंपनी हे काम बहुधा बाहेरच्या एजन्सीला देते. एजन्सी विद्यापीठाकडून डिग्री खरी आहे का विचारते, जुन्या कंपनीच्या एचआरला मेल करून रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख पडताळते, पगाराच्या स्लिपा बघते. हल्ली पीएफच्या यूएएनमुळे कुठे किती महिने होता ते लपत नाही. पत्ता बघतात. आणि नाव, वडिलांचं नाव, पत्ता घेऊन कोर्टांच्या नोंदी धुंडाळतात, कारण जिल्हा न्यायालयांच्या केसेस आता ई-कोर्ट्सवर ऑनलाइन दिसतात. काही क्लायंट पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रही मागतात. शेवटी रिपोर्टला रंग येतो: हिरवा, पिवळा किंवा लाल.

त्याचा लाल आला.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी होस्टेलबाहेर मारामारी झाली होती. सहा जणांवर गुन्हा दाखल झाला, त्यात हा एक. पुढे दोन्ही बाजूंत तडजोड झाली आणि कोर्टाने सगळ्यांना सोडलं. शिक्षा नाही, दंड नाही. ज्या गुन्ह्यात कायद्याने तडजोड चालते तिथे तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटकेसारखाच धरतात. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पाटी कोरी. पण आमच्या फॉर्ममध्ये प्रश्न होता: तुमच्याविरुद्ध आजवर कधी फौजदारी गुन्हा नोंदवला गेला आहे का, निकाल काहीही लागला असो? त्यापुढे त्याने टिक केली होती, ‘नाही’.

एचआर मॅडम वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, “केसचं मला काही वाटत नाही हो, कॉलेजची पोरं. ‘हो’ लिहून ऑर्डरची कॉपी जोडली असती तर मी स्वतः पुढे पाठवलं असतं. पण खोटं लिहिलंय. पॉलिसीत हा इंटेग्रिटीचा मुद्दा होतो.”

त्या रात्री माझ्या वाचनक्रमात फिलेमोनास पत्र होतं. मी ते निवडलं नव्हतं.

पंचवीस वचनांचं, एकाच अध्यायाचं पत्र. आपण ते बहुतेक वेळा तीत आणि इब्री यांच्यामधून पानं उलटताना ओलांडून जातो. अनेसिम हा फिलेमोनचा दास, मालकापासून लांब गेलेला, बहुधा पळालेला. त्याने चोरी केली असं पत्रात थेट लिहिलेलं नाही, हे मी परत वाचलं तेव्हा लक्षात आलं. पौल ‘जर’ घालून बोलतो, की त्याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा तो काही देणं लागत असेल तर. तो तुरुंगात असलेल्या पौलाला भेटला, विश्वासात आला, आणि आता पौल त्याला परत पाठवतोय. (दास आणि कर्मचारी एक नव्हेत, मान्य. आपल्याला निदान नोटीस पिरियड असतो. त्या काळच्या मालकाच्या हातात काय काय होतं ते आठवलं की अनेसिमच्या पायांना किती जड गेलं असेल ते कळतं.)

मी अनेक संदेश ऐकले आहेत ज्यात हे पत्र फक्त क्षमेचं असतं. क्षमा आहेच. पण या वेळी मला त्यातली पडताळणी दिसली. पौलाला अनेसिमला स्वतःजवळ ठेवून घ्यायचं होतं, तसं तो लिहितो. ठेवलं असतं तर कोणाला कळलं असतं? पण फिलेमोनच्या संमतीशिवाय काही करायचं नाही असं तो ठरवतो. मागचं झाकून पुढचं सुरू करायचं नाही. आणि पत्र एकट्या फिलेमोनला नाही, अप्फिया, अर्खिप्प आणि फिलेमोनच्या घरात जमणारी सगळी मंडळी यांनाही आहे. म्हणजे अनेसिमचा लाल रिपोर्ट मंडळीसमोर वाचला जाणार होता. कलस्सैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात तुखिकाबरोबर अनेसिम येतोय असा उल्लेख आहे, तिथे पौल त्याला विश्वासू आणि प्रिय बंधू म्हणतो. ज्याच्या विश्वासूपणावरच प्रश्न होता त्याच्यासाठी नेमका तोच शब्द. अनेसिम नावाचा अर्थ उपयोगी. पौल त्यावर कोटीही करतो, की आधी तो तुला निरुपयोगी होता, आता तुलाही आणि मलाही उपयोगी आहे.

आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. गिटमध्ये चुकीचा कोड गेला तर दोन वाटा असतात. एक म्हणजे फोर्स पुश करून इतिहासच बदलायचा, जणू ती चूक झालीच नव्हती. दुसरी म्हणजे रिव्हर्ट: चूक इतिहासात तशीच दिसत राहते आणि तिच्यावर दुरुस्तीची नवी नोंद होते. टीममध्ये काम करणाऱ्याला पहिली वाट किती घातक ते माहीत असतं. पौलाने रिव्हर्ट केलं.

आता शिफारस करणारा कोण ते बघा. पहिल्याच वचनात तो स्वतःला बंदिवान म्हणवतो. फिलिप्पैत फटके खाऊन तुरुंगात, कैसरियात दोन वर्षं कैदेत. त्याच्याआधीचा इतिहास तर आणखी गडद: स्तेफनाला दगडमार होत होता तेव्हा मारेकऱ्यांची वस्त्रं याच्या पायांशी ठेवलेली होती. आमच्या एजन्सीने पौलाचा रिपोर्ट काढला असता तर रंग सांगायला नको. पण त्याच्या बाबतीत कुठलीही एजन्सी लागली नाही, कारण गलतीकरांना आणि तीमथ्याला लिहिताना त्याने ते सगळं स्वतःच लिहून ठेवलं. मंडळीचा छळ केला, निंदा केली, जुलूम केला. पौलाच्या फॉर्ममध्ये ‘हो’ आहे.

याउलट गेहजी. २ राजे ५ मध्ये नामान बरा होतो, अलीशा त्याच्याकडून काहीही घेत नाही, आणि सेवक गेहजी मागे पळत जाऊन गुरूच्या नावाने खोटं सांगून चांदी आणि कपडे घेतो. एक किक्कार मागितली, नामानाने आग्रहाने दोन दिल्या. परत आल्यावर अलीशा त्याला फक्त एक प्रश्न विचारतो, तू कुठे गेला होतास. हे त्या काळचं व्हेरिफिकेशन आहे. अलीशाला उत्तर माहीत आहे, तरी तो विचारतो. मला आधी हे सापळ्यासारखं वाटायचं. आता वाटतं, तो गेहजीला मिळालेला शेवटचा दरवाजा होता. चांदी अजून परत देता आली असती. गेहजी म्हणतो, कुठेच गेलो नव्हतो. दरवाजा बंद.

त्या मुलाला मी फोन केला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, वडिलांनी सांगितलं होतं, आता केस संपली, आयुष्यात पुन्हा नाव काढायचं नाही. आणि मला वाटलं ‘हो’ लिहिलं तर पुढचं कोणी वाचणारच नाही.” दुसऱ्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते बऱ्याच ठिकाणी खरं आहे. आपण कंपन्यांमधले लोक खोटं बोलणाऱ्याला काढतो, पण खरं बोलणाऱ्याला घेतो का? एचआर मॅडम घेतल्या असत्या, मला विश्वास आहे. प्रत्येक ठिकाणी त्या नसतात.

सुप्रीम कोर्टापुढेही हा प्रश्न सरकारी नोकऱ्यांच्या बाबतीत आलेला आहे. दिल्ली पोलिसांत हेड कॉन्स्टेबलसाठी १९९९ मध्ये अर्ज केलेल्या एका तरुणाने अशाच मारामारीच्या, तडजोडीत मिटलेल्या केसबद्दल अर्जात ‘नाही’ लिहिलं होतं. निवड झाल्यावर पुढच्या फॉर्ममध्ये त्याने स्वतःच ते सांगितलं, तरी उमेदवारी रद्द झाली. २०११ मध्ये न्या. मार्कंडेय काटजू यांच्या खंडपीठाने त्याच्या बाजूने निकाल दिला, तरुण वयातल्या चुकांकडे सहानुभूतीने बघावं म्हटलं, आणि निकालात व्हिक्टर ह्युगोच्या कादंबरीतल्या पाव चोरणाऱ्या जाँ व्हालजाँचीही आठवण काढली. पुढे २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायाधीशांनी याबद्दल सविस्तर सूत्रं घालून दिली. माहिती खरीच द्यायची. पण लपवलेली गोष्ट किरकोळ असेल तर मालकाला ते नजरेआड करता येतं. गंभीर असेल तर नोकरी नाकारता येते. आणि उमेदवाराने खरं सांगितलं तरीही तो योग्य आहे का हे ठरवायचा हक्क मालकाकडे राहतोच. खाजगी कंपन्यांना हे निकाल जसेच्या तसे लागू होत नाहीत, तिथे तुमचा करार आणि त्यांची पॉलिसी. पण विचार करायची रीत मला पटली. काय घडलं, कधी घडलं, कोणत्या कामासाठी माणूस घेतोय, सगळं बघायचं.

त्याच निकालातली आणखी एक गोष्ट आपल्या यूथ ग्रुपमधल्या मुलांसाठी सांगतो, कारण हे मला दोनदा विचारलं गेलंय. जे स्पष्टपणे विचारलंय तेवढंच सांगायचं बंधन असतं. म्हणून प्रश्न नीट वाचा. शिक्षा झाली आहे का, असं विचारलं असेल तर शिक्षेबद्दल लिहा. गुन्हा नोंदला गेला होता का, असं विचारलं असेल तर ‘हो’ लिहा, दोन ओळीत हकीकत लिहा, कोर्टाच्या ऑर्डरची प्रत जोडा. आणि तुमच्या नावासारख्याच नावाच्या दुसऱ्या कोणाची केस तुमच्या माथी आली, जे आपल्याकडे सहज होतं, तर घाबरून नोकरीवर पाणी सोडू नका. केस नंबर मागा, वडिलांचं नाव आणि पत्ता जुळत नाही हे लेखी कळवा.

इथपर्यंत लिहिणं सोपं होतं.

मी मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, मुलगा चांगला आहे, त्याने आता सगळं लेखी दिलंय, अपवाद म्हणून मंजुरी घेऊ या. तो म्हणाला, “उद्या काही झालं तर? तू जबाबदारी घेतोस का? घेत असशील तर मेलवर लिहून दे.” अठरावं आणि एकोणिसावं वचन माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. पौल अनेसिमचं देणं स्वतःच्या खात्यावर घेतो, आणि लेखनिकाच्या हातून न लिहिता स्वतःच्या हाताने लिहितो की मी फेडीन. तोंडी शिफारस करणारे शंभर असतात. सही करणारा एक.

बुधवारी रात्री मेल लिहायला बसलो. पहिले दोन परिच्छेद झाले. तिसऱ्यात लिहायचं होतं की प्रामाणिकपणाच्या बाबतीत माझा स्वतःचा अनुभव आणि नोंद बघता माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा. तिथे थांबलो ते अकरा वाजल्यापासून एकपर्यंत.

मी २००९ च्या बॅचचा. ते वर्ष ज्यांनी पाहिलंय त्यांना मंदी सांगायला नको. कॅम्पसमधून मिळालेल्या ऑफर्सच्या तारखा पुढे पुढे जात होत्या, काहींच्या तर हवेतच विरल्या. मी दहा महिने घरी होतो. मग एका लहानशा फर्ममध्ये लागलो, सात-आठ माणसं, पीएफ वगैरे काही नाही. तिथून मोठ्या कंपनीत जाताना दोन वर्षांचा अनुभव हवा होता, आणि माझा भरत होता चौदा महिने. फर्मच्या मालकाने विचारलं, “कुठली तारीख टाकू?” मी तारीख सांगितली. त्यांनी लेटरहेडवर टाइप करून दिली. दहा महिन्यांची बेकारी एका ओळीत नोकरी झाली.

ते तपासायला तेव्हा कोणाकडे काही नव्हतं. यूएएन आला २०१४ मध्ये, आणि वीसपेक्षा कमी माणसांच्या त्या फर्मला पीएफ लागूच नव्हता, त्यामुळे आजही सापडणार नाही. फर्म केव्हाच बंद झाली. त्यानंतर मी दोन कंपन्या बदलल्या आणि प्रत्येक वेळी फॉर्ममध्ये तीच तारीख लिहिली, कारण आता कागद जुळायला हवे होते. दर वेळी रिपोर्ट हिरवा. खाली सही: वरील सर्व माहिती सत्य आहे. गेहजीला एकदाच विचारलं गेलं, मला तीनदा.

आणि मी त्या पोराचा लाल रिपोर्ट हातात धरून बसलो होतो. त्याने जे लपवलं ते त्याने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी केलेलं होतं, कोर्टाने मिटवलेलं होतं. मी जे लपवलं त्यावर मला पगार मिळाला, ज्येष्ठता मिळाली. नीतिसूत्रांत खोट्या तराजूबद्दल लिहिलंय, त्यावर मी इथेच दोन वर्षांपूर्वी मनन लिहिलं होतं, व्यापाऱ्यांची उदाहरणं देऊन. ते काढून टाकणार नाही. राहू दे तिथे.

मनात दुसरा आवाजही होता, तोही सांगतो. दहा महिने! पंधरा वर्षं मन लावून काम केलंय, कोणाचा पैसा खाल्ला नाही, आता ते उकरून कोणाचं भलं होणार आहे? घराचे हप्ते आहेत, मुलीची शाळा आहे. हा आवाज मूर्ख नाही. देवाच्या क्षमेसाठी मला एचआरकडे जायची गरज नाही, हेही खरं आहे, ती मला मिळाली आहे. पण अनेसिमलाही ती मिळाली होती, पौलाजवळ असतानाच. तरी तो परत गेला.

मेलमधला तिसरा परिच्छेद मी काढून टाकला. फक्त एवढं लिहिलं की या उमेदवाराने चुकीची माहिती दिली हे खरं आहे, विचारल्यावर त्याने काही न लपवता लेखी दिलं, पहिले सहा महिने त्याला ग्राहकांच्या प्रत्यक्ष डेटाचा ॲक्सेस देऊ नये, त्याचं प्रत्येक काम मी तपासेन, आणि त्याच्या बाबतीत काही झालं तर ते माझ्या वार्षिक मूल्यमापनात धरावं. गुरुवारी सकाळी पाठवला. शुक्रवारी दुपारी मंजुरी आली. त्याला फोन केला तर तो रडत होता, आणि मागे त्याची आई कोणाला तरी ओरडून सांगत होती.

शुक्रवारी रात्री मुलगी झोपल्यावर बायकोला सांगितलं. लग्नाला नऊ वर्षं झाली, तिला हे माहीत नव्हतं. ती आधी चिडली, कंपनीबद्दल नाही, तिला इतकी वर्षं सांगितलं नाही म्हणून. ते बरोबरच होतं. मग उठून चहा केला आणि म्हणाली, “सोमवारीच जा. पुढच्या आठवड्यावर टाकलंस तर तू काही जात नाहीस, मी ओळखते तुला.” मग आम्ही वहीत हिशेब मांडला, नोकरी गेलीच तर किती महिने निघतील. पाच. काटकसर केली तर सहा. काल संध्याकाळी पाळकसाहेबांनाही सांगितलं. त्यांनी उपदेश केला नाही. जुन्या कंपन्यांनाही कळवणार का, एवढं विचारलं. त्याचा मी विचार केलेला नव्हता. अजून करतोय.

सोमवारी अकरा वाजता एचआर मॅडमची वेळ घेतली आहे. विषय मीटिंगमध्ये ‘वैयक्तिक’ असा टाकलाय.

प्रार्थना: प्रभू येशू, तू जक्कयाच्या घरी जेवायला गेलास तेव्हा त्याने अजून काही परत केलेलं नव्हतं. माझ्या घरी तू पंधरा वर्षं जेवतोयस. सोमवारी माझी जीभ वळवळायला लागली, गोष्ट लहान करून सांगायला लागली, तर मला थांबव. मॅडमना शहाणपण दे, आणि त्यांचा निर्णय काहीही असो, माझ्या मनात त्यांच्याबद्दल कडवटपणा येऊ देऊ नकोस. त्या नव्या मुलाचा पहिला दिवस पुढच्या महिन्यात आहे. त्याला टीममध्ये कोणी रंगावरून ओळखू नये. माझ्या बायकोला झोप लागू दे. आमेन.

उद्याचं वाचन: लूक १९:१–१०. मंगळवारचं मनन टाकेन, बहुतेक.